चार आठवड्यांचे सिंहासन

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात आमच्या वर्गातील एका मित्राने स्वतः लिहिलेले, स्वतःच चाल लावलेले गाणे म्हटले आणि श्रोत्यांनी सभागृह डोक्यावर घेतले. दोनदा ‘वन्स मोअर’ झाला. पुढे कित्येक दिवस कॅन्टीनमध्ये त्याच्या चहाचे पैसे त्याला कोणी देऊ दिले नाहीत. यंदा त्याने नवे गाणे आणले. पहिले कडवे संपते न संपते तोच मागच्या बाकांवरून ओरड झाली, “जुनेच म्हण!” दुसऱ्या दिवशी शेलापागोट्यांच्या कार्यक्रमात त्याच्या नावाने चिठ्ठी निघाली, “एका गाण्याचा गवई!” सारे पोट धरधरून हसले. ती चिठ्ठी मी लिहिली होती, हे आता सांगून टाकायला हरकत नाही. मित्र त्या दिवसापासून पेटीला हात लावीत नाही.

‘एका गाण्याचा गवई’ ही शिवी आहे की पदवी, हा प्रश्न मला त्यानंतर पडला. चिठ्ठी लिहिण्याआधी पडायला हवा होता, हे खरे. त्याचे उत्तर शोधताना एका इंग्रजी गायकाची हकीकत हाती लागली, तीच येथे सांगणार आहे. गायकाचे नाव पीटर सारस्टेट. १९६९ साली त्यांचे एक गाणे ब्रिटनमध्ये चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. त्याच वर्षी आणखी एक गाणे दहाव्या क्रमांकापर्यंत चढले. त्यानंतर त्या यादीत त्यांचे नाव पुन्हा कधीच दिसले नाही.

या गृहस्थांचा आणि आपला संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे. पीटर यांचा जन्म १० डिसेंबर १९४१ रोजी दिल्लीत झाला. आईवडील ब्रिटिश सरकारच्या नोकरीत होते. पीटर आणि त्यांचे भाऊ दार्जिलिंगजवळच्या कर्सियांग येथील व्हिक्टोरिया या निवासी शाळेत शिकले. दार्जिलिंगला जाणारी ती चिमुकली आगगाडी याच गावावरून वर चढते. स्वातंत्र्यानंतर सातएक वर्षांनी, १९५४ मध्ये, हे कुटुंब इंग्लंडला गेले आणि लंडनच्या दक्षिण भागात राहू लागले. पीटर तेव्हा बारा-तेरा वर्षांचे होते. बालपणाचे गाव, भाषा, हवा सारे मागे टाकून नव्या देशात रुजण्याचे ते वय.

असे ते एकटेच नव्हते. क्लिफ रिचर्ड यांचा जन्म लखनौचा, एंगलबर्ट हम्परडिंक यांचा मद्रासचा. आणि आपल्या सातारा जिल्ह्यातील पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झांजिबारहून आलेला फारुख बलसारा नावाचा पारशी मुलगा ‘द हेक्टिक्स’ या शाळकरी वाद्यवृंदात पियानो वाजवीत होता. तोच पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला. साठ-सत्तरच्या दशकांत इंग्लंडने डोक्यावर घेतलेल्या गायकांपैकी निदान काहींचे बालपण तरी या देशाच्या हवेत गेले होते, ही गोष्ट आपण सहसा लक्षात घेत नाही.

इंग्लंडमध्ये तेव्हा ‘स्किफल’चे वारे वाहत होते. एक गिटार, कपडे धुण्याची खाचांची फळी आणि चहाच्या रिकाम्या खोक्याला काठी नि दोरी बांधून केलेले खर्जाचे वाद्य, एवढ्या सामग्रीवर पोरे गात सुटली होती. लॉनी डोनेगन या गायकाने १९५६ मध्ये या प्रकाराचे वेड घरोघर नेले. सारस्टेट बंधूही त्यात सापडले. थोरले रिचर्ड यांनी ‘ईडन केन’ हे नाव घेतले आणि १९६१ च्या उन्हाळ्यात ‘वेल आय आस्क यू’ या गाण्याने थेट पहिला क्रमांक पटकावला. पीटर तेव्हा भावाच्या मागे उभे राहून साथ करीत. भाऊ प्रकाशझोतात, आपण सावलीत, हा अनुभव त्यांनी वर्षानुवर्षे घेतला. १९६७ मध्ये त्यांनी ‘पीटर लिंकन’ या टोपणनावाने एक ध्वनिमुद्रिका काढली. ती आली कधी आणि गेली कधी, कोणाला कळलेही नाही.

येथे थोडे थांबून ‘पहिला क्रमांक’ म्हणजे नेमके काय, हे समजून घेतले पाहिजे. आपण हा शब्द फार सैलपणे वापरतो. ब्रिटनमधील पहिली यादी ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ या साप्ताहिकाने १४ नोव्हेंबर १९५२ रोजी छापली. पर्सी डिकिन्स या गृहस्थांनी काही दुकानांना दूरध्वनी करून “या आठवड्यात काय खपले?” एवढेच विचारले आणि त्यावरून बारा क्रमांक लावले. योगायोग असा की त्याच वर्षीच्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवरून अमीन सायानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. आपल्या आजीआजोबांच्या पिढीने दर बुधवारी रात्री कान टवकारून ज्या ‘पायदानां’ची वाट पाहिली, त्यांचीच ही विलायती भावंडे.

१९६९ च्या फेब्रुवारीत या मोजणीला जरा शास्त्रीय वळण मिळाले. बी. बी. सी. आणि व्यापारी नियतकालिकाच्या वतीने एका बाजारपेठ-संशोधन संस्थेने हे काम हाती घेतले. सुमारे अडीचशे दुकानदारांनी शनिवारच्या संध्याकाळपर्यंत विकलेल्या तबकड्यांची नोंद टपालाने पाठवायची आणि तिची बेरीज करून क्रम लावायचा, अशी पद्धत ठरली. म्हणजे यादी काय मोजते? तर एका आठवड्यात, काही निवडक दुकानांतून, एखादी तबकडी किती विकली गेली ते. गाणे चांगले की वाईट, ते कोणाच्या मनात किती दिवस राहील, गाणाऱ्याच्या अंगी किती पाणी आहे, यांपैकी काहीही ती मोजत नाही. थर्मामीटर ताप सांगतो, आयुष्यरेषा सांगत नाही. यादीचेही तसेच आहे.

ही नवी पद्धत सुरू होऊन दोन आठवडे होतात न होतात तोच, फेब्रुवारीच्या अखेरीस, ‘व्हेअर डू यू गो टू, माय लव्हली’ हे पीटर सारस्टेट यांचे गाणे पहिल्या क्रमांकावर आले. शब्द त्यांचे, चाल त्यांची, आवाजही त्यांचा. खरे पाहता बाजाराचे सारे नियम या गाण्याने मोडले होते. तेव्हाच्या बहुतेक तबकड्या तीन मिनिटांच्या आसपास आटोपत. हे गाणे साडेचार मिनिटांच्या पुढे जाते. ढोल नाही, ताशे नाहीत, वाद्यांचा गदारोळ नाही. दोन गिटारी, एक खर्जाची गिटार आणि आरंभी नि अखेरीस फ्रेंच वळणाच्या अ‍ॅकॉर्डियनची एक झुळूक. ताल तीन मात्रांचा, वॉल्ट्झच्या अंगाने झुलणारा. त्यावर एक माणूस शांतपणे एक गोष्ट सांगतो.

गोष्ट मारी-क्लेअर नावाच्या तरुणीची आहे. ती पॅरिसमध्ये राहते. उंची वस्त्रे लेते, सॉर्बोन विद्यापीठाच्या पदव्या मिरवते, पिकासोच्या चित्राशी तिचे नाव जोडलेले आहे, उन्हाळा समुद्रकाठी आणि हिवाळा बर्फात घालवते. आगाखान तिला नाताळात शर्यतीचा घोडा भेट पाठवतात. (आगाखान म्हटले की आपल्याला पुण्याचा राजवाडा आणि कस्तुरबांची समाधी आठवते. एकाच नावाच्या दोन जगांत किती अंतर असते!) निवेदक हे सारे वैभव एकेक करून मोजतो आणि मध्येच एक साधा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो. रात्री दिवे मालवल्यावर, एकटी असताना, तुझे मन कुठे जाते? शेवटी उलगडा होतो की ती नेपल्सच्या गल्लीबोळांत फाटक्या कपड्यांनी भीक मागणारी मुलगी होती आणि निवेदक तिच्या बरोबरीचा, तिच्यासारखाच मुलगा होता. सगळे जग तिचे मुखवटे पाहते. तो एकटा तिचा भूतकाळ ओळखतो.

ही मुलगी म्हणजे नेपल्सजवळ गरिबीत वाढलेली अभिनेत्री सोफिया लॉरेन, असा तर्क पुष्कळांनी केला. सारस्टेट यांनी तो नाकारला. मला मात्र वाटते की या मुलीत थोडेसे ते स्वतःही असावेत. कर्सियांगच्या डोंगरातून लंडनच्या उपनगरात आलेला, कधी भावाच्या तर कधी टोपणनावाच्या आड राहिलेला मुलगा. आपण जिथून आलो ते ठिकाण अंगावरून धुऊन टाकता येत नाही, हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. अर्थात हा माझा तर्क. तो वाचकांनी मान्य केलाच पाहिजे असे नाही. पण खेड्यातून येऊन शहरातल्या वसतिगृहात राहणारे आपल्यापैकी किती जण रात्री दिवे मालवल्यावर आपापल्या गावाला जाऊन येतात, हे ज्याचे त्याने मनाशी पाहावे.

चार आठवडे हे गाणे सिंहासनावर राहिले. अनेक देशांत ते गाजले, पण अमेरिकेत सत्तराव्या क्रमांकापलीकडे सरकले नाही. मार्चच्या अखेरीस ब्रिटनमध्ये मार्विन गे यांच्या गाण्याने त्याची जागा घेतली. जूनमध्ये सारस्टेट यांचे ‘फ्रोझन ऑरेंज ज्यूस’ दहाव्या क्रमांकापर्यंत पोचले. त्यांचा पहिला संग्रहही खपाच्या यादीत वर गेला. पुढच्या वर्षी गीतकार-संगीतकारांसाठी मानाचे समजले जाणारे आयव्हर नोव्हेलो पारितोषिक त्यांना मिळाले. आणि मग यादी त्यांना विसरली.

असे का होते? सर्वांत सोपे उत्तर म्हणजे “त्याच्याजवळ एकच गाणे होते.” पण सोपे उत्तर बहुधा आळशी असते. पहिले कारण असे की जे गाणे आपल्या वेगळेपणामुळे गाजते, तेच पुढच्या गाण्यांना अडचण होऊन बसते. श्रोत्याला तसेच गाणे पुन्हा हवे असते आणि तसेच दिले तर तो म्हणतो, “हा स्वतःचीच नक्कल करतो.” वेगळे दिले तर मागच्या बाकांवरून ओरड होते, “जुनेच म्हण!” दुसरे कारण काळाचे. १९७० च्या सुमारास तरुण श्रोते एकेका गाण्याच्या छोट्या तबकडीकडून दीर्घ ध्वनिमुद्रिकेकडे वळू लागले होते. आवडीनिवडी झपाट्याने बदलत होत्या. तिसरे कारण म्हणजे नशीब. हा शब्द टीकाकारांना आवडत नाही, पण तो खोटा नाही.

या नशिबाची एक नमुनेदार साक्ष आहे. ज्या वर्षी सारस्टेट यांना नोव्हेलो पारितोषिक मिळाले, त्याच वर्षी त्याच संस्थेने ‘स्पेस ऑडिटी’ या गाण्याचाही गौरव केला. त्याचे कर्ते होते डेव्हिड बोवी. १९६९ मध्ये ते गाणे पाचव्या क्रमांकापर्यंत गेले होते. म्हणजे त्या क्षणी हिशेब केला तर सारस्टेट पुढे आणि बोवी मागे. त्यानंतर बोवींच्या वाट्यालाही तशीच शांतता आली. ‘स्टारमन’ गाजले ते १९७२ मध्ये. मधल्या तीन वर्षांत त्यांच्या नावाने एखादी शेलापागोट्याची चिठ्ठी निघाली असती तर तीवर काय लिहिले असते? “एका गाण्याचा गवई” हेच! पुढे ते जगाचे लाडके कलावंत झाले आणि १९७५ मध्ये पुन्हा काढलेल्या त्याच ‘स्पेस ऑडिटी’ने पहिला क्रमांक मिळवला. एकाचे दार पुन्हा उघडले, दुसऱ्याचे उघडले नाही. पण १९७० मध्ये उभे राहून कोणाचे उघडेल हे सांगण्याची सोय नव्हती.

आता दुसरी बाजू पाहू. जो स्वतः लिहितो, स्वतः चाल बांधतो आणि स्वतः गातो, त्याच्यासाठी आपल्या परंपरेत ‘वाग्गेयकार’ हा सुरेख शब्द आहे. आपले शाहीर तरी दुसरे काय होते? अशा कलावंताचे व्यवहारातही एक वेगळेपण असते. तबकडी विकली गेली की गायकाला ठरलेला वाटा मिळतो. विक्री थांबली की तो झरा आटतो. पण शब्द आणि चाल यांच्यावर ज्याचा हक्क आहे, त्याचे गाणे आकाशवाणीवर वाजले, सभागृहात झाले, चित्रपटात घेतले, दुसऱ्या कोणी गायले, तरी दर वेळी त्याला थोडेथोडे मानधन येते. ब्रिटनमध्ये हे पैसे गोळा करून कर्त्यांना पोचवणारी संस्था १९१४ पासून आहे. तेथील कायद्याने हा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षे टिकतो. आपल्याकडे ही मुदत साठ वर्षांची आहे. चित्रपटगीतांच्या कवी-संगीतकारांचा मानधनाचा वाटा निर्मात्यांना काढून घेता येऊ नये, अशी तरतूद भारतात व्हायला मात्र २०१२ ची कायदादुरुस्ती यावी लागली.

म्हणजे यादीने चार आठवड्यांत ज्याचा हिशेब मिटवला, त्या गाण्याचे खाते प्रत्यक्षात बंद झालेच नाही. ते रेडिओवर वाजत राहिले आणि त्याने आपल्या कर्त्याला जन्मभर हात दिला. सारस्टेट गात राहिले, लिहीत राहिले. १९७३ मध्ये तिघा भावांनी मिळून ध्वनिमुद्रिका काढली. १९७६ मध्ये धाकटे क्लाइव्ह, ‘रॉबिन सारस्टेट’ या नावाने, एका जुन्या अमेरिकन गाण्यासह तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. तीन सख्खे भाऊ, तीन वेगवेगळी नावे आणि तिघेही आपापल्या पाळीने यादीच्या वरच्या टोकाला! १९९७ मध्ये पीटर यांनी मारी-क्लेअरचे पुढे काय झाले हे सांगणारे दुसरे गाणे रचले. त्याचा गाजावाजा झाला नाही. पण जुन्या पात्राची इतक्या वर्षांनी पुन्हा विचारपूस करणारा लेखक मला फार आवडला. साठच्या दशकातील कलावंतांच्या एकत्र कार्यक्रमांतून ते गावोगाव फिरत. तिथे लोक कोणते गाणे मागत असतील, हे वेगळे सांगायला नको.

२००७ मध्ये एक मौजेची गोष्ट घडली. वेस अँडरसन या अमेरिकन दिग्दर्शकाने ‘द दार्जिलिंग लिमिटेड’ हा चित्रपट काढला. तीन भाऊ आगगाडीने भारतात प्रवास करतात, अशी त्याची कथा. त्यात आणि त्याला जोडून केलेल्या छोट्या चित्रपटात सारस्टेट यांचे हेच गाणे वाजते. चित्रीकरण मुख्यतः राजस्थानातले, नाव दार्जिलिंगचे आणि गाणे दार्जिलिंगजवळच्या शाळेत शिकलेल्या तिघा भावांपैकी एकाचे! अडतीस वर्षांपूर्वीचे ते गाणे या चित्रपटामुळे एका नव्या पिढीच्या कानी पडले. मीही ते तिथेच प्रथम ऐकले.

अखेरच्या वर्षांत मेंदूच्या एका दुर्मिळ, हळूहळू वाढत जाणाऱ्या विकाराने सारस्टेट यांना ग्रासले. ८ जानेवारी २०१७ रोजी, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, ते वारले. त्यांच्या गाण्यावरील हक्क ब्रिटिश कायद्याप्रमाणे २०८७ सालच्या अखेरपर्यंत चालू राहील. एका बाजूला यादीचे अठ्ठावीस दिवस, दुसऱ्या बाजूला गाण्याचे एवढे दीर्घ आयुष्य. यांतले कोणते माप खरे मानायचे?

माझ्यापुरते मी उत्तर ठरवले आहे. यादी खोटी नसते, पण ती आठवड्यापुरती खरी असते. आपण तिचा निकाल माणसाच्या आयुष्याला लावतो, ही चूक तिची नसून आपली आहे. शालान्त परीक्षेच्या गुणवत्ता यादीचे, क्रीडास्पर्धेतल्या पदकाचे आणि स्नेहसंमेलनातल्या ‘वन्स मोअर’चेही असेच आहे. एखाद्याच्या हातून एक गाणे असे निघावे की पन्नास वर्षांनी, हजारो मैलांवर, त्याचे नावही ठाऊक नसलेल्या मुलाने ते ऐकून क्षणभर थांबावे, हे थोडे झाले का? शंभर गाणी लिहूनही कित्येकांना ते साधत नाही. आणि ते एक गाणे साधल्यावरही जो पुढची गाणी लिहीत राहतो, त्याला हसण्याचा अधिकार निदान एकही गाणे न लिहिलेल्या माझ्यासारख्याला नाही.

मित्रा, तू हा अंक चाळशीलच. ती चिठ्ठी माझी होती. यंदाचे तुझे गाणे मी पुरते ऐकलेच नाही, कारण पहिल्या कडव्यानंतर ओरडणाऱ्यांत माझाही आवाज होता. पेटी वसतिगृहाच्या सामानाच्या खोलीत, ट्रंकांच्या मागे आहे. किल्ली पहारेकऱ्याकडून मी घेऊन ठेवली आहे. उरलेली कडवी म्हणून दाखवशील का?